अवजारांची निगा : खारा वारा आणि घरची मोटारसायकल

घोडबंदर म्हटले की हल्ली लोकांना ट्रकांची रांग आठवते. परंतु वसईच्या खाडीकाठचे हे गाव मूळचे बंदर. अरबस्तानातून आलेले घोडे येथे उतरत, त्यांचा व्यापार चाले, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पोर्तुगिजांकडून मराठ्यांनी १७३७ साली घेतलेला किल्ला टेकडीवर अजून उभा आहे. घोडे केव्हाच गेले, बैलही आता थोडे राहिले. २००२ साली मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली आणि भातखाचरांच्या जागी इमारती वाढत गेल्या. तरीही ज्यांच्या घरी थोडी भाजी, थोडे दूध किंवा मासळीचा धंदा आहे, त्यांच्या दारात एक मोटारसायकल हटकून उभी असते. बहुधा ती शंभर सीसीची, वजनाला हलकी, चार गिअरची असते. घरातला मुलगा किंवा मुलगी तिच्यावरच गाडी शिकते.

या पट्ट्यातील गाड्या जरा नीट न्याहाळल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. इंजिन सुरेख चालत असते, पण आरे तांबूस झालेले, स्टँडचा पाय गंजलेला, सायलेन्सरच्या पोटाला भोक पडलेले, आणि चेन कुरकुरत असते. हा खाऱ्या वाऱ्याचा प्रताप होय. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाईंदरची मिठागरे. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण लोखंडावर बसतात, आणि मिठाचा गुण असा की ते हवेतील ओल ओढून धरते. त्यामुळे पाऊस नसतानाही रात्रभर लोखंड ओलसर राहते आणि गंज आपले काम करीत राहतो.

"आमचे गाव समुद्रापासून शंभर कोस दूर, आम्हाला याचे काय?" असे कोणी म्हणेल. तर वाचकहो, मीठ तुमच्याही घरी आहे. ते खताच्या गोणीत आहे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आपल्या मिठाचा तो सख्खा भाऊच. युरिया हवेतील ओल कसा ओढतो, हे उघड्या गोणीतील गोळे पाहून तुम्हाला ठाऊक आहेच. दुकानातून मागच्या सीटवर गोणी आणली, तिची एक शिवण उसवली, चिमूटभर खत चेनीवर, आऱ्यांवर आणि सायलेन्सरवर सांडले, की ती गाडी जालन्याची असो वा सांगलीची, तिला घोडबंदरचाच रोग जडतो. म्हणून खत वाहून आणल्याच्या दिवशी, उद्यावर न टाकता, गाडीवर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या ओताव्यात. फवारणीची टाकी आणली असेल तर सीट आणि मुठीही धुवाव्यात, कारण त्याच सीटवर संध्याकाळी लेकरू बसते.

आता ही हेळसांड आली कोठून, तेही पाहू. जुन्या मंडळींना राजदूत आठवत असेल. ती टू-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्ये प्रत्येक वेळी तेल मिसळून घालावे लागे, आणि प्लगवर काजळी धरे म्हणून धनी प्लगचा पान्हा खिशात घेऊन फिरे. त्रास होता खरा, पण त्या निमित्ताने आठवड्यातून दोनदा माणूस गाडीजवळ वाकत असे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी शंभर आली. तिची जाहिरात इंग्रजीतून सांगे, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा. फोर-स्ट्रोक इंजिनापुरते ते बरेचसे खरे ठरले. १९९४ साली त्याच घराण्यातील स्प्लेंडर आली आणि खेडोपाडी पसरली. पुढे २०११ साली कंपनीचे नाव बदलून हीरो मोटोकॉर्प झाले, तरी गाडीची घडण तीच राहिली. पण जाहिरातीतले 'विसरा' आपण इंजिनापुरते न ठेवता सबंध गाडीला लावले. इंजिन बंद पेटीत तेलात बुडालेले असते. चेन, ब्रेक, टायर आणि केबली यांचे तसे नाही. त्यांना चिखल लागतो, मीठ लागते, शेण लागते. आणि माणसाचे हातपाय मोडतात ते बहुतेक त्यांच्यामुळेच.

चेनीपासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत दुर्लक्षित तीच. या गाड्यांना चेनीवर पूर्ण पत्र्याचे झाकण असते. ते फार चांगले. चिखल आत जात नाही, कपडे खराब होत नाहीत. पण झाकल्यामुळे चेन दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची आठवण राहत नाही. त्या झाकणाला एक वाटोळे रबरी बूच असते. कित्येक घरांत गाडी घेऊन पाच वर्षे झाली तरी हे बूच कधी निघालेले नसते. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, न्यूट्रलमध्ये टाकावी, इंजिन बंद ठेवावे, बूच काढावे आणि बोटाने चेन वरखाली करून पाहावी. साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलली तर ठीक. मग चाक हाताने थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जेथे ती सर्वांत ताठ लागेल तेथले माप धरावे.

चेन सैल राहिली तर अॅक्सिलरेटर सोडताना खटखट वाजते आणि एखाद्या खड्ड्यात उतरून पडते. उतरलेली चेन चाकात अडकली तर मागचे चाक जागच्या जागी थांबते. मग गाडीवरचा माणूस कोठे जाईल हे सांगावयास नको. याउलट काहीजण "एकदाच काय ती घट्ट करून टाका" म्हणून तारेसारखी ताणून घेतात. त्याने चाकाचे आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग खराब होते, आणि चेन लवकर झिजते ती वेगळीच.

चेन ताणताना चाकाचा मोठा नट सैल करून दोन्ही बाजूंचे छोटे नट सारखेच फिरवावे. दोन्ही बाजूंना खुणांच्या रेघा असतात. डावीकडे तिसऱ्या रेघेवर असेल तर उजवीकडेही तिसरीच हवी, नाहीतर चाक तिरके बसते आणि टायर एका अंगाने झिजतो. मोठा नट पुरता आवळला आहे ना, हे दोनदा पाहावे. आणि एक गोष्ट शिकाऊ मेकॅनिकही विसरतात. चाक मागे सरकले की मागच्या ब्रेकची सळई आपोआप ताणली जाते. म्हणून चेन ताणल्यावर ब्रेकचा पायही तपासावा. नाहीतर ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, ड्रम तापतो आणि पेट्रोल फुकट जाते.

वंगण म्हणून बहुतेक घरांत इंजिनातून काढलेले काळे तेल चेनीला लावतात. त्यात काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतो. ते चोळणे म्हणजे कानस लावण्यासारखेच. नव्वद नंबरचे गिअर ऑइल अगदी थोडे लागते. पाव लिटर आणले तर कितीतरी दिवस पुरते. फेरी मारून आल्यावर चेन कोमट असताना ते लावावे म्हणजे दुव्यांच्या आत उतरते, आणि रात्रभर मुरू द्यावे. खाडीकाठी किंवा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, देशावर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, एवढे पुरे. वर्षातून एक-दोनदा चेन पूर्ण काढून डिझेलमध्ये बुडवून धुवावी. पेट्रोलने धुऊ नये, भडका उडतो. जोडदुव्याची क्लिप परत बसवताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी. उघडी बाजू पुढे राहिली तर क्लिप घासून निघून जाऊ शकते. दात्यांची चक्री, म्हणजे स्प्रॉकेट, त्याच वेळी पाहावी. दाते विळ्याच्या टोकासारखे एका अंगाला वळले असतील तर दोन्ही चक्र्या आणि चेन एकदमच बदलावी. जुन्या चक्रीवर नवी चेन घातली तर तीही लवकर जाते.

येथे एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगितली पाहिजे. काही मुले गाडी स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनीला फडके धरतात. काम झटपट होते असे त्यांना वाटते. फडके चक्रीत ओढले जाते आणि त्याबरोबर बोटेही. कडबा कुट्टीच्या यंत्रात हात गेलेली माणसे आपल्या गावांत आहेत, त्यांना विचारावे. चेनीचे काम किल्ली खिशात ठेवूनच करावे.

चेनीच्याच बाजूला एक दुसरी वस्तू असते, आणि तिच्याबद्दल आमच्या भगिनींनी आग्रह धरावा असे मला वाटते. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला जी जाळी किंवा पत्रा असतो, तो साडी-गार्ड. दुधाचे कॅन टांगायला आडवा येतो, गोणी बांधायला अडचण होते, म्हणून तो सर्रास काढून टाकतात आणि माळ्यावर फेकतात. सकाळी दूध घातले जाते, आणि दुपारी त्याच गाडीवर आई, बहीण किंवा सून बाजाराला बसते. तिचा पदर किंवा ओढणी चाकात गेली की ती गळ्यापासून ओढली जाते. मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे, असे मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. ते शोभेसाठी नव्हे. कॅनसाठी लोहाराकडून गार्डच्या बाहेरून बसेल असा सांगाडा करून घ्यावा. गार्डचे दोन-तीन बोल्ट धक्क्यांनी ढिले होतात, तेही महिन्यातून एकदा आवळावेत.

इंजिनाला फार काही लागत नाही, पण जे लागते ते वेळेवर लागते. तेल पाहावयाचे ते सपाट जागी, मधल्या स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद केल्यावर आणि तेल खाली उतरू दिल्यावर. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत तेलाची पट्टी आटे न फिरवता नुसती आत टेकवून पाहतात. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत ते चित्रासह असते. सबंध इंजिनात तेल जेमतेम लिटरभर. एवढ्याशा तेलातून पाव लिटर जळाले तर काय उरले, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. आणखी एक मोह टाळावा. घरात ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा असतो, त्यातलेच थोडे ओतले जाते. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. दुसऱ्या जातीच्या तेलाने त्याच्या प्लेटा घसरू लागतात, मग चढावर इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. पुस्तिकेत लिहिलेलेच तेल, सीलबंद डब्यातले घ्यावे. काढलेले तेल बांधावर किंवा नाल्यात ओतू नये. ज्या गॅरेजवाल्याकडून तेल बदलता त्यालाच ते परत न्यावयास सांगावे.

घोडबंदरहून ठाण्याकडे निघाले की गायमुखाचा घाट लागतो. घाट लहान, पण अवजड वाहनांची गर्दी, पावसाळ्यात खड्डे आणि वळणे, यामुळे नव्या माणसाची परीक्षाच. अशा उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून किंवा किल्ली बंद करून गाडी सोडणारे लोक असतात. त्याने इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे. ब्रेकच्या पायाला दोन-तीन सेंटीमीटर मोकळी चाल असावी. ड्रमच्या बाहेर एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला तर आतले लायनर संपले असे समजावे. नट आणखी आवळून दिवस काढू नयेत. एप्रिल २०१९ नंतरच्या सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्या जोडव्यवस्थेची केबल घरी सोडू-जोडू नये, जाणत्याकडूनच लावून घ्यावी. गाडी धुतल्यावर किंवा ओढ्यातून काढल्यावर ड्रममध्ये पाणी राहते; हळू चालवीत चार वेळा ब्रेक दाबून तो कोरडा करावा, मग रस्त्याला लागावे.

टायरची हवा थंड टायरमध्ये मोजावी. पुढे सुमारे २५ पौंड आणि एकटा माणूस असेल तर मागे २८, हे या वर्गाच्या गाडीचे नेहमीचे माप. मागे दुसरा माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला बरीच जास्त लागते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. अंगठ्याने दाबून हवा कळते असे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता गोठ्याविषयी. गाडी रात्री कोठे ठेवता? बहुतेक ठिकाणी गुरांच्या शेजारी. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो, आणि गाडीच्या वायरी व त्यांची टोके तांब्या-पितळेचीच असतात. सकाळी हॉर्न वाजत नाही, इंडिकेटर मध्येच बंद पडतो, त्याचे मूळ कधी कधी येथे असते. कणगीजवळ ठेवली तर उंदीर वायरी कुरतडतात. पेंढ्याजवळ तर अजिबात लावू नये; नुकत्याच आलेल्या गाडीचा सायलेन्सर पेंढा पेटवू शकतो. ओसरीचा एक कोपरा, वर छप्पर आणि खाली कोरडी फरशी, एवढे पुरे. प्लॅस्टिकच्या कागदात गच्च गुंडाळू नये, आत घाम धरून गंज वाढतो. जुने सुती कापड बरे.

मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर भुसकटाने तुंबतो. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते. तो कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावे. फोमचा असेल तर धुऊन वाळवून तेलाचा हात देऊन बसवता येतो. तेलकट कागदाचा असेल तर तो धुऊ नये, फुंकूही नये, मुदत झाली की नवाच घालावा.

पेट्रोलबद्दल दोन शब्द. आपल्या ऊस, मका आणि तांदळापासून केलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. शेतकऱ्याला त्याचा आनंदच आहे. पण इथेनॉल पाण्याला ओढून घेते, आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. खाडीकाठच्या दमट हवेत आणि लावणीच्या दिवसांत गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी निम्मी रिकामी ठेवू नये. झाकणाचे रबर फाटलेले असेल तर बदलावे. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्यांचा पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी तळाला जाईपर्यंत चालवण्याची सवय सोडावी, आणि धुताना सीटखालच्या वायरींच्या जोडांवर पाण्याची धार मारू नये.

ही सारी कामे घरात कोणी करावी? जो शिकतो आहे त्याने, असे माझे मत आहे. चेण्याकडच्या एका घरी मुलगी गाडी शिकत होती. ती म्हणाली, "काका, अॅक्सिलरेटर सोडला की खालून खटखट होतं." वडील हसून म्हणाले, "नवीन आहे ना ती, तिला सगळेच आवाज ऐकू येतात." बूच काढून पाहिले तर चेन चार बोटे लोंबत होती. वडिलांच्या कानाला तो आवाज सवयीचा झाला होता. शिकाऊ माणूस गाडीचे ऐकत असतो. त्याच्या हाती पान्हा द्यावा, हवा मोजायला लावावी. क्लच अर्धवट दाबून ठेवायचा नाही, ब्रेकच्या पायावर बूट टेकवून चालवायचे नाही, हेही त्याला ब्रेकचे लायनर आणि क्लचप्लेटा डोळ्यांनी दाखवल्या की लवकर पटते. मात्र शिकणारा अठरा वर्षांचा आणि शिकाऊ परवानाधारक असावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या धन्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि गाडीची नोंदणीही बारा महिन्यांसाठी रद्द होते.

कोकणपट्टीत पाऊस उघडतो तो दसऱ्याच्या सुमारास, आणि खंडेनवमीला अवजारांबरोबर गाडीही पुजली जाते. चेन काढून धुण्याला याहून चांगला दिवस नाही. आदल्या दिवशी चेन डिझेलमध्ये घालावी, आरे चिंधीने पुसून तेलाचा हात द्यावा, स्टँडच्या स्प्रिंगला आणि केबलींच्या टोकांना थेंब थेंब वंगण सोडावे, सायलेन्सरच्या पोटाखाली हात घालून गंज चाचपावा. झेंडूचा हार हँडलला घालावा तो आखूड. चाकाकडे लोंबता नको आणि केबलींत गुंतवलेलाही नको. दुसऱ्या दिवशी काढून शेणखताच्या खड्ड्यात टाकावा. त्यातला दोरा नायलॉनचा असेल तर तेवढा वेगळा करून घ्यावा.